घरगुती विज्ञान : वेगळें ठेवण्याचें शास्त्र

हिंगाची डबी मिसळणाच्या डब्यांत ठेवूं नये, कल्हई उडालेल्या पितळी भांड्यांत ताक घेऊं नये, नवें रंगीत लुगडें पांढऱ्या धोतराबरोबर भिजवूं नये, हे नियम आपल्या घरांतून कोणीं कोणाला मुद्दाम शिकविल्याचें आठवत नाहीं. सासूनें केलें तसें सुनेनें केलें, एवढेंच. पण ताक कळकलें कीं तें टाकून द्यावें लागतें हें जिला ठाऊक आहे, तिनें रसायनशास्त्राचें पुस्तक उघडलेलें नसलें तरी त्यांतील एक मोठें तत्त्व तिला समजलेलें असतें. कोणत्या वस्तूला कोणत्या वस्तूचा शेजार सोसतो हें ओळखल्यावांचून नीटनेटकी व्यवस्था लावतां येत नाहीं, हें तें तत्त्व होय. मीं आयुष्यभर व्यवस्थितपणाचा अभिमान बाळगला. परंतु हा धडा मला सत्तरी उलटल्यावर, आणि तोहि मासे धरण्याच्या सामानावरून घ्यावा लागला. ती हकीकत, आणि तिच्या पोटांत असलेलें विज्ञान, या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहें.

मासे हा शब्द वाचून कांहीं भगिनी पान उलटतील, आणि आमचे सारस्वत वाचक गालांतल्या गालांत हंसतील. दोघांसहि प्रथमच सांगून ठेवतों, कीं या लेखांत मासा धरला जातो, पण शिजत नाहीं. माझा पुतण्या अमेरिकेंत, टेक्सास संस्थानांत, डॅलस शहराजवळ राहतो. त्याच्या बारा वर्षांच्या मुलाला तळ्यावर जाऊन बास नांवाचे मासे धरण्याचा नाद आहे. मासा गळाला लागला, कीं त्याचें वजन पाहून त्याला पुनः पाण्यांत सोडून देण्याची चाल या छंदांत तिकडे पुष्कळ ठिकाणीं रूढ झाली आहे. गळ लागतांना माशाला इजा होत नाहीं असें माझें म्हणणें नाहीं. तो वाद घरांत होऊन गेला आहे, आणि ‘मासा स्वयंपाकघरांत येतां कामा नये’ या एका अटीवर सूनबाईंनीं तो मिटविला आहे.

माझे वडील बंधु, ज्यांना आम्ही दादा म्हणत असूं, ते आयुष्याचीं शेवटचीं दोन वर्षें तेथें होते. जन्मभर ते मासळीबाजाराच्या रस्त्यानें गेले नाहींत. परंतु नातवानें एकट्यानें पाण्याच्या कांठीं बसूं नये म्हणून ते छत्री घेऊन त्याच्याबरोबर जाऊं लागले, आणि हळूहळू त्यांनाहि त्यांत गोडी वाटूं लागली. मुलाला पहिला मोठा मासा लागला तो एका जांभळ्या प्लॅस्टिकच्या गांडुळावर, आणि तो दादांनीं स्वतःच्या हातांनीं पाण्यांत सोडला. त्यानंतर दोन महिन्यांनीं दादा गेले.

गेल्या उन्हाळ्यांत मी तेथें गेलों. दुपारीं मंडळी कामावर गेलीं, कीं घरांत मी एकटाच असें. एके दिवशीं मुलाचें कपाट उघडून पाहिलें, तों आंत पन्नास-साठ लहान लहान पिशव्या कोंबलेल्या. प्रत्येकींत रबरासारखीं मऊ आमिषें, कांहीं गांडुळाच्या आकाराचीं, कांहीं बेडकाच्या, कांहीं लहान माशाच्या. हा पसारा मला पाहवेना. मुलाला आनंदाचा धक्का द्यावा, म्हणून मी बाजारांतून चोवीस कप्प्यांची, कांचेसारखी पारदर्शक पेटी विकत आणली. सर्व पिशव्या रिकाम्या करून आमिषें रंगवार लावलीं, काळ्यांत काळीं, जांभळ्यांत जांभळीं, पांढऱ्यांत पांढरीं. रंगविलेले दोन-तीन लांकडी मासेहि जागा होती म्हणून त्यांतच बसविले. आणि पिशव्या केराच्या टोपलींत टाकल्या. एका पिशवीवर कागदाची चिठ्ठी चिकटविलेली होती. अक्षर देवनागरी होतें, दादांच्या हातचें होतें, हें मला दुरूनहि कळलें. पण चष्मा दुसऱ्या खोलींत राहिला होता, आणि मी कामाच्या भरांत होतों. पेटी मीं मोटारीच्या मागच्या भागांत नेऊन ठेवली.

दोन दिवसांनीं रविवारीं आम्ही डॅलसच्या पूर्वेस असलेल्या लेक फोर्क नांवाच्या मोठ्या जलाशयावर गेलों. टेक्सासच्या दप्तरीं नोंदलेला १८.१८ पौंडांचा विक्रमी बास १९९२ सालीं याच पाण्यांत सांपडला होता, हें मुलानें वाटेंत मला दोनदां सांगितलें. कांठावर मीं मोठ्या ऐटीनें पेटी पुढें केली. झांकण उघडेना. जोर लावून उघडलें, तेव्हां आंतील देखावा पाहून मला कांहीं बोलवेना. जांभळीं गांडुळें एकमेकांत वितळून त्यांचा लगदा झाला होता. पांढऱ्या माशांवर लाल-काळे डाग चढले होते. लांकडी माशांचा रंग चिकट होऊन उचलतांना हाताला लागत होता. पेटीचा तळहि जागोजाग मऊ पडून खळगे झाले होते, आणि सर्वांवर तेलाचा तवंग होता.

मुलगा रडला नाहीं. जांभळ्या लगद्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, “धाकटे आजोबा, यांत मोठ्या आजोबांचं होतं. त्यांनी पिशवीवर लिहिलं होतं. मला मराठी वाचता येत नाही. तुम्हांला येतं ना?”

या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हतें. त्या दिवशीं गळ पाण्यांत पडला नाहीं. आम्ही तसेच परत फिरलों.

आतां झालें काय, तें पाहूं. या आमिषांचा पदार्थ मुख्यतः पॉलिव्हिनाइल क्लोराइड, म्हणजे पीव्हीसी, ही कृत्रिम राळ होय. घरांतील सांडपाण्याचे कठीण नळ याच राळेचे असतात. मग नळ कठीण आणि गांडूळ मऊ कां? तर गांडुळाच्या राळेंत एक दाट, सहसा न उडणारें तेलासारखें द्रव्य मुरविलेलें असतें. त्याला प्लॅस्टिसायझर म्हणतात. आपण त्याला मऊपणाचें तेल म्हणूं. राळेचे लांबलचक रेणू एरवीं एकमेकांना घट्ट धरून असतात. हें तेल त्यांच्यामध्यें शिरून त्यांना सैल करतें. वॉल्डो सेमन या रसायनशास्त्रज्ञानें १९२६ सालीं ओहायो संस्थानांतील ॲक्रन गांवीं गुडरिच कंपनींत काम करीत असतां हा गुण हेरला. तो शोधीत होता रबर धातूला चिकटविण्याचा डिंक. हातीं आला मऊ, लवचिक पदार्थ. पुढें १९४९ सालीं त्याच ॲक्रन गांवांत निक क्रीम नांवाच्या कारागिरानें पत्नीच्या साहाय्यानें घरच्या चुलीवर अशाच पदार्थाचें गांडूळ ओतलें. मऊ प्लॅस्टिकच्या आमिषांचा धंदा तेथून वाढला, आणि क्रीमचा कारखाना कालांतरानें टेक्सासांतील टायलर गांवीं आला.

तें ओतण्याची रीत आपल्या सुगरणींना सहज समजेल. राळेची बारीक पूड तेलांत कालवितात; हें मिश्रण दुधासारखें दिसतें. त्याला सुमारें १७५ अंशांपर्यंत उष्णता दिली, कीं पिठल्याप्रमाणें तें एकदम घट्ट होतें, आणि पुढें पुनः पातळ व पारदर्शक होतें. त्यांत रंग, चमकी, पुष्कळदां मीठहि घालून तें सांच्यांत ओततात. गार झालें कीं गांडूळ तयार. ध्यानांत ठेवण्याची गोष्ट ही, कीं तेल राळेंत शिरून बसलेलें असतें, पण तिच्याशीं जोडलेलें नसतें. दुधांत साखर विरघळते, दुधाची होत नाहीं, तसेंच हें. संधि मिळाली कीं तें बाहेर पडतें, आणि अति मऊ आमिषांत तर राळेपेक्षां तेलाचाच भाग अधिक असूं शकतो.

ही संधि त्याला शेजारी देतो. शेजारीं असा पदार्थ असला, कीं ज्यांत तें तेल मुरूं शकतें, तर तें हळूहळू तिकडे जाऊं लागतें. कांचेसारख्या दिसणाऱ्या स्वस्त पेट्या बहुधा पॉलिस्टायरीन नांवाच्या प्लॅस्टिकच्या असतात, आणि त्यांत हें तेल फार लवकर मुरतें. म्हणून माझ्या पेटीचा तळ खचला. लांकडी माशावरील रंगाचें रोगणहि तसेंच मऊ झालें. याखेरीज हल्लीं दुसऱ्या एका जातीचीं आमिषें मिळतात. थर्मोप्लास्टिक इलॅस्टोमर या पदार्थाचीं. तीं ओढलीं असतां पुष्कळ ताणतात आणि पाण्यांत तरंगतात. दिसण्यांत तीं पीव्हीसीच्या आमिषांसारखींच. परंतु दोन्ही जाति एका कप्प्यांत ठेवल्या, तर थोड्याच काळांत एकमेकींना वितळवितात. मीं त्या रंगावरून एकत्र बसविल्या होत्या. आणि रंग तरी कोठें स्थिर? तेलांत विरघळलेला रंग तेलाबरोबरच प्रवास करतो. म्हणून पांढऱ्यावर लाल चढला. या साऱ्या क्रिया उष्णतेनें वेगानें होतात. बाहेर ३५ अंश उष्णता असतां उन्हांत उभ्या असलेल्या बंद मोटारींतील हवा तासाभरांत ५० अंशांच्या वर जाते. मीं पेटी तेथें दोन दिवस ठेवली होती.

घरीं परतल्यावर मुलानें मला या सामानाचे नियम समजावून दिले. कपाटांतील तो पसारा म्हणजे पसारा नव्हता, हें मला तेव्हां कळलें. तोच अनुक्रम येथें देतों.

पहिला नियम : पदार्थ पाहून वर्ग पाडावे, रंग मागाहून. पीव्हीसीचीं आमिषें वेगळीं, ताणणाऱ्या जातीचीं वेगळीं, पाण्यानें भिजलेलीं सुवासिक आमिषें वेगळीं. या शेवटच्या जातींत तेलाऐवजी पाणी असतें. तीं उघडीं राहिलीं तर वाळून खड्यासारखीं होतात, म्हणून त्यांच्या मूळच्या रसांतच झांकण घट्ट लावून ठेवावींत.

दुसरा नियम : ज्या पिशवींतून आमिष आलें, तीच त्याचें खरें घर. ती सहसा अशा प्लॅस्टिकची असते, कीं ज्यांत तें तेल मुरत नाहीं. पिशवी उघडल्यावर आंतील हवा दाबून काढून तोंड बंद करावें. सर्व पिशव्या उभ्या, ग्रंथालयांतील पत्रिकांप्रमाणें ओळीनें लावाव्या, आणि वरच्या कडेवर जात, लांबी व रंग लिहावा. म्हणजे एकीसाठीं साऱ्या उपसाव्या लागत नाहींत.

तिसरा नियम : पेटी हवीच असेल, तर तिच्या तळाशीं असलेलें त्रिकोणी चिन्ह पाहावें. त्यांत ५ आंकडा असला, तर ती पॉलिप्रोपिलीनची. २ असला, तर पॉलिएथिलीनची. या दोन्ही चालतात. ६ हा आंकडा पॉलिस्टायरीनचा. ती पेटी या कामास वर्ज्य. पेटींत एका दिवसापुरतीं आमिषें न्यावींत आणि घरीं आल्यावर आपापल्या पिशवींत परत घालावींत.

चौथा नियम : ओलें आमिष परत ठेवूं नये. पुष्कळ आमिषांत मीठ असतें. मीठ ओल धरतें, आणि गळ शेजारीं असले तर त्यांना गंज चढतो. म्हणून गळ व शिशाचीं वजनें निराळ्या डबींत ठेवावीं. आमिषें फडक्यावर पसरून, सुकवून मगच पिशवींत घालावीं.

पांचवा नियम : थंड, अंधारी, कोरडी जागा पाहावी, आणि वर ओझें ठेवूं नये. दाबून राहिलेल्या आमिषाची शेपटी वांकते, व मग तें पाण्यांत नीट पोहत नाहीं. अशी शेपटी कढत पाण्यांत थोडे क्षण धरून सपाट जागीं गार होऊं दिली, तर बहुधा सरळ होते. त्यासाठीं स्वयंपाकाचें भांडें मात्र घेऊं नये. मऊपणाचें तेल पुष्कळदां थॅलेट वर्गांतील असतें, आणि त्या वर्गांतील कांहीं द्रव्यांचें प्रमाण लहान मुलांच्या खेळण्यांत ०.१ टक्क्याहून अधिक असूं नये असा कायदा अमेरिकेंत २००८ सालीं झाला. आमिष हें खेळणें नव्हे. म्हणून तें रांगत्या मुलाच्या हातीं लागूं देऊं नये, आणि हाताळल्यावर हात धुवावे.

सहावा नियम : फाटलेलें आमिष पाण्यांत टाकूं नये. तें कुजत नाहीं. मासे तें गिळतात. मेन संस्थानाच्या विधिमंडळापुढें २०१३ सालीं असल्या आमिषांवर बंदी घालण्याचें विधेयक आलें होतें. बंदी न घालतां चौकशी करण्याचें ठरलें, पण प्रश्न खोटा नव्हता. मुलाच्या पिशवींत एक कप्पा केवळ फाटक्या आमिषांसाठीं आहे, हें पाहून मला समाधान वाटलें.

वाचक म्हणतील, आमच्या घरांत आमिषें नाहींत. आम्हांला याचा उपयोग काय? त्यांनीं मुलांचा कंपासपेटीचा डबा उघडून पाहावा. खोडरबर पारदर्शक पट्टीला चिकटून बसलेलें, व पट्टीवर त्याचा खळगा पडलेला, असा अनुभव कोणत्या घरांत नाहीं? तेथेंहि हेंच घडतें. मऊ पीव्हीसीच्या खोडरबरांतील तेल कठीण पट्टींत शिरतें. खोडरबराभोंवतीं कागदाचें वेष्टण असतें, त्याचा हाहि एक उपयोग आहे. मुलें तें पहिल्याच दिवशीं फाडून टाकतात! जुनी बाहुली चिकट लागूं लागते, मेजावरील मऊ प्लॅस्टिकचें आच्छादन रोगणाला धरून बसतें, पावसाळी कोट वर्षानुवर्षें घडी करून ठेवला तर घड्या एकमेकींना चिकटतात, यांचें कारणहि बहुधा तेंच. आणि एक अधिक महत्त्वाची गोष्ट : आईवडिलांचीं जुनीं छायाचित्रें मऊ पीव्हीसीच्या पारदर्शक पाकिटांत ठेवलेलीं असतील, तर तीं आजच बाहेर काढावीं. तीं पाकिटें कालांतरानें चित्राच्या पृष्ठभागाला चिकटतात, आणि मग ओढून काढतांना चित्रहि निघून येतें. आम्लविरहित कागदाचें पाकीट त्यासाठीं उत्तम.

आतां राहिली त्या जांभळ्या गांडुळाची गोष्ट. त्या संध्याकाळीं मीं केराची टोपली अंगणांत उपडी केली. कचऱ्याची गाडी आली नव्हती, हें माझें दैव. चहाच्या चोथ्यानें भिजलेली ती पिशवी सांपडली. चष्मा लावून चिठ्ठी वाचली : ‘हें वेगळें ठेवणें.’ एवढे तीनच शब्द होते. दादांना प्लॅस्टिकचें रसायन ठाऊक होतें असें नाहीं. नातवानें त्यांना सांगितलें असावें, आणि त्यांनीं तें मन लावून ऐकलें असावें. तेवढेंहि मीं केलें नव्हतें.

मुलानें लगद्यांतून तें गांडूळ हलक्या हातानें सोडविलें. अर्धें आलें. तें त्यानें धुऊन, पुसून, त्याच पिशवींत घातलें. त्यानंतरचे आठ दिवस आम्ही दोघे दुपारीं जमिनीवर बसून नव्या पिशव्यांवर चिठ्ठ्या लिहीत होतों. मीं नवीं आमिषें घेऊन दिलीं. तीं त्यानें घेतलीं, पण त्यानें मागितलें दुसरेंच. त्या तीन शब्दांतील अक्षरें त्याला शिकावयाचीं होतीं. ‘ठेवणें’ यांतील ठ त्याला फार अवघड गेला. गेल्या महिन्यांत पुतण्यानें एक छायाचित्र पाठविलें. नव्या पिशवीवर मुलाच्या हातची चिठ्ठी आहे. वेलांट्या चुकल्या आहेत, पण वाचतां येते.

व्यवस्थितपणा हा गुणच आहे, याविषयीं माझें मत बदललेलें नाहीं. एवढेंच, कीं दुसऱ्याचें कपाट आवरावयास घेण्यापूर्वीं त्याला विचारावें, आणि कोणाची चिठ्ठी दिसली तर आधीं उठून चष्मा आणावा.